खारट तीर्थ

चैत्र सरत आला की मला कांद्याचा वास येतो. रावेतला, सातव्या मजल्यावर. सूनबाई म्हणते, "अण्णा, तो आपल्याच स्वयंपाकघरातला आहे." असेलही. खिडकीतून पाहावं तर द्रुतगती मार्गाकडे पळणाऱ्या गाड्या दिसतात, कांद्याचा एकही ट्रक दिसत नाही. ते सगळे तिकडे चाकणच्या बाजारात रांगा लावून उभे असणार. पण नव्वदीला आलेल्या माणसाच्या नाकाशी वाद घालू नये. डोळे मंदावले, कान मंदावले, दात तर केव्हाच गेले. नाक तेवढं अजून गावाला चिकटून आहे.

यंदा हा वास आला त्याच दिवशी माझी नात सायली खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाली, "आजोबा, मी दहा दिवस स्पितीला चाललेय. हिमालयात."

"कोण आहे तिथं आपलं?"

"कुणी नाही."

"मग काम काय?"

"काम कसलं? असंच."

एवढं बोलून ती निघूनही गेली, आणि मी त्या 'असंच'कडं बघत बसलो. हा शब्द आमच्या वेळीही होता. माणूस असंच बसायचा, असंच हसायचा, कुणी विचारलं तर असंच म्हणून सांगायचा. पण असंच कुठं जात नव्हता. गावाची वेस ओलांडायला कारण लागायचं, आणि कारणं ठरलेली होती. लग्न, मयत, जत्रा आणि कोर्ट. ह्यातलं एकही नसताना कुणी पिशवी घेऊन निघालेला दिसला तर लोक समजायचे, घरात भांडण झालं किंवा डोक्यावर परिणाम झाला. ह्या दोन्हींपैकी काही नसताना मी एकदा गेलो होतो. पन्नासच्या दशकाच्या मध्यावरचा तो उन्हाळा मला अजून पाठ आहे.

आमचं गाव चाकणपासून दीड-दोन कोसांवर. गाव कसलं, वस्तीच. चैत्रात सगळं शिवार कांद्याचं. पात पिवळी पडून माना टाकायची, मग कांदा उपटायचा आणि त्याच्याच पातीनं झाकून वाफ्यात वाळत घालायचा. दोन-तीन दिवसांनी विळे घेऊन सगळं घर वाफ्यात बसायचं. डाव्या हातात कांदा, उजव्या हातातल्या विळ्यानं पात कापायची, कांदा एका बाजूला, पात दुसऱ्या बाजूला. जोडकांदा निराळा, बारकी चिंगळी निराळी. चांगला कांदा कुडाच्या भिंतीआड रचून ठेवायचा, त्याला अरण म्हणत. हातांना इतका वास की दुधाच्या पेल्यालाही कांदा लागायचा. आमच्याकडं पाहुणे म्हणायचे, ह्यांची म्हैस काय खाते बाबा.

त्या वर्षी मी वीस वर्षांचा होतो आणि घरात माझा भाव वधारला होता, कारण पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला होता आणि त्यात मला हेल्परची नोकरी लागली होती. अक्षय तृतीया झाली की येणाऱ्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सोमवारी नाही आलात तर मंगळवारी येऊ नका, असं साहेबांनी बजावलं होतं. आमच्या वस्तीतनं कारखान्यात जाणारा मी पहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत त्याबद्दल बोलत नसत, पण चाकणला गेले की जो भेटेल त्याच्यापाशी दोन मिनिटं जास्त उभे राहत.

समुद्राचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते त्या नोकरीच्या रांगेत. शाळेत 'आपल्या मुलखाच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे' हे आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं होतं. म्हणवून घेणाऱ्या मास्तरांनीही तो पाहिलेला नव्हता, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पिंपरीच्या रांगेत माझ्यापुढं तिथल्या निर्वासितांच्या छावणीतला एक सिंधी पोरगा होता, माझ्याच वयाचा. त्याचं घर, दुकान, सगळं कराचीला राहिलं होतं. बोलता बोलता त्यानं मला विचारलं, "समंदर देखा है कभी?" मी म्हटलं, "नहीं." त्यावर तो माझ्याकडं कीव आल्यासारखा बघायला लागला. माझी जमीन जागेवर होती, घर जागेवर होतं, आईबाप जागेवर होते. त्याचं सगळं गेलं होतं, आणि कीव त्याला माझी येत होती. ते मला फार लागलं.

तरणी पोरं प्रवासाला का निघतात ह्यावर हल्ली लोक पुष्कळ बोलतात. कुणी म्हणतं कंटाळा, कुणी म्हणतं हौस, कुणी म्हणतं फोटो. मला माझ्यापुरतं एवढंच माहीत आहे, की कुणीतरी आपल्याकडं अशा नजरेनं बघतं आणि मग आपलं ताट, आपला वाफा, आपली झोपायची जागा, सगळं आखूड वाटायला लागतं. त्यात आपल्या घराचा काही दोष नसतो. विसाव्या वर्षी पायांत जे भरतं ते कुठंतरी नेऊन रिकामं करावं लागतं.

मी वाफ्यातच विषय काढला. आबा पुढं, मी मागं, माझ्या शेजारी आई आणि पलीकडं गोदाआत्या.

"आबा, कामावर जायच्या आदी समुद्र बगून येतो."

आबांनी मान वर केली नाही. "काम काय तितं?"

"काम न्हाई. बगायचाय."

"कांदा कापायचाय. त्यो बग."

आई हसली. मीही हसलो, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा मात्र आबांनी विळा खाली ठेवला. "ह्या घरातला एक जण गेला समुद्रावर. आजून बगतोयच त्यो."

गोदाआत्याचा विळा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

आत्या आबांची धाकटी बहीण. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली आणि तिचे मालक मुंबईला गोदीत कामाला गेले. वर्षभर निरोप येत होते. मग त्यांच्या गावचा एक जण सांगत आला, की ते बोटीवर चढले, कोळसा टाकायचं काम मिळालं. त्यानंतर काही नाही. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची बातमीही नाही. सासरच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि आत्याला आमच्याकडं आणून घातली. माझ्या आठवणीत ती आमच्याच घरची. कुंकू लावायची, वडाला फेऱ्या घालायची, पण हळदीकुंकवाला बायका तिला बोलवताना अडखळायच्या. बोलवावं तर कसं आणि टाळावं तर कसं, हे वस्तीत कुणालाच कळत नव्हतं. म्हणून ती आपणच मागं राहायची, चुलीपाशी काही काम काढून.

तिची एक गोष्ट मला लहानपणापासून नवलाची वाटे. चाकणच्या बाजाराला कोकणातनं एक बाई सुकट विकायला यायची. आत्या माळकरी, मासळीचा वास आला तरी नाकाला पदर लावणारी. पण बाजाराच्या दिवशी ती त्या सुकटवालीपाशी जाऊन बसायची. घ्यायची काही नाही. "मंग भरती आली म्हंजे पानी कुठवर येतं?" असलं काहीतरी विचारत बसायची. मला वाटायचं, आत्याला गप्पांचा नाद आहे.

आबांच्या त्या बोलण्यानंतर मी विषय सोडून दिला होता. दोन दिवसांनी दुपारी बांधावरच्या लिंबाखाली आम्ही भाकरी खात होतो. आत्या भाकरीचा तुकडा हातात धरून एकदम म्हणाली, "दादा, येक सांगायचं ऱ्हायलं."

"काय?"

"ह्यो सोपान चार वरसाचा व्हता तवा त्याला मुदतीचा ताप आलाता. सगळ्यांनी आशा सोडलीती. तवा मी हरिहरेश्वराला बोललेते. पोर जगलं तर जाणतं झाल्यावर दर्शनाला धाडीन म्हून."

आबा तिच्याकडं बघत राहिले. "आपला देव जेजुरीचा. ह्यो कोकणातला कुठनं काडलास?"

"ताप उतरंना तवा ज्यो आठवला त्याला हाक मारली. पत्ता इचारत बसायचं व्हतं का?"

"अन् येवडी वरसं बोलली न्हाईस?"

"पोर ल्हान व्हतं. आता कारखान्यात चाललंय, यंत्रापाशी उभं ऱ्हायचंय म्हणतंय. देवाचं तसंच ठिवून यंत्रापाशी कशापायी उभं ऱ्हावं?"

ह्याच्यापुढं आबांचं काही चाललं नाही. आबा देवाला भीत नसत, पण यंत्राला भीत. बराच वेळ भाकरी चावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अन् न्हाई आला परत तर?"

"येतोय. न्हाई आला तर मला इचार."

हे ज्या बाईनं म्हणावं तिचाच नवरा समुद्रावरून परतला नव्हता. आई खाली मान घालून पाणी ओतत राहिली.

संध्याकाळी मी आत्याला गाठून विचारलं, "आत्या, खरंच बोलली व्हतीस नवस?"

"न्हवते बोलले तर आता बोलले," ती म्हणाली, आणि माझ्या हातात एक बाटली दिली. डॉक्टरकडची, काढ्याची, बाजूला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी अजून चिकटलेली. राखेनं घासून लख्ख केलेली. बूच हरवलं होतं म्हणून चिंधीचा बोळा. "समुद्राचं पानी आन. भरून आन, अर्धी नगं."

पुण्याहून एस.टी.नं वरंधा घाट उतरताना मी डोकं खिडकीबाहेरच ठेवलं होतं. महाडला मुक्काम, पुन्हा एक गाडी, मग पायी. वाटेत हवा बदलत गेली, अंग चिकचिकीत झालं, माणसांचं बोलणं नाकातनं यायला लागलं. माझी टोपी बघून लोक घाटावरचा म्हणून ओळखत होते, पण मला कुणी ओळखत नव्हतं. ह्यातलं सुख ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. वीस वर्षं मी आबांचा सोपान होतो. त्या रस्त्यावर मी कुणाचाच कुणी नव्हतो, नुसता एक चालणारा गडी होतो.

देवदर्शन आधी घेतलं; खोट्या नवसाचं असलं तरी देव खरा होता. मग देवळामागच्या खडकांवरनं खाली उतरलो आणि समुद्र दिसला.

मी शेतकऱ्याचा पोरगा. पाणी म्हटलं की त्याला काठ असतो, पलीकडं कुणाचं तरी रान असतं. ह्या पाण्याला पलीकडंच नव्हतं. मनात पहिल्यांदा आलं ते असं की एवढं पाणी आणि एका वाफ्याच्या कामाचं नाही. दुसरं काही यायच्या आत मी खडकावर बसलो आणि ऊन कलेपर्यंत तिथनं उठलो नाही. रडू आलं का? आलं. का आलं ते तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येणार नाही.

"घाटावरचे ना?" मागनं कुणीतरी म्हणालं. गजानन नाव त्याचं, सुपारीच्या बागेत कामाला होता, माझ्याच बरोबरीचा. "तोंडावरनं ओळखलं. घाटावरचा मनुष्य समुद्रापुढे बसला की तोंड मिटायचं विसरतो."

त्याच्याकडं मी दोन दिवस राहिलो. त्याच्याबरोबर बागेत शिंपणं केलं, ओहोटीला पुळणीच्या वाळूवर हिंडलो, पोहायला येत नव्हतं तरी छातीभर पाण्यात जाऊन लाटा अंगावर घेतल्या. शनिवारी सकाळी त्याच्या चुलत्याचा मचवा, म्हणजे शिडाची मोठी होडी, कौलं घेऊन रत्नागिरीकडं निघाला होता. गजानन म्हणाला, "येतोस? चार-पाच दिवसांत परत सोडू तुला."

मी पिशवी खांद्याला अडकवून गुडघाभर पाण्यात मचव्याच्या काठाला हात लावून उभा राहिलो. हो म्हणून झालं होतं. नोकरी सोमवारी होती, हे माहीत होतं. माहीत असून त्याचं काहीच वाटत नव्हतं. आई आठवली नाही. आबा आठवले नाहीत. त्या दोन दिवसांत मला घराची एकदाही आठवण झाली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. लाट आली, मचवा हलला, आणि पिशवीतली बाटली त्याच्या लाकडाला लागून वाजली.

बाटली अजून रिकामी होती. भरायची राहून गेली होती. तेव्हा आत्या आठवली, लिंबाखाली भाकरीचा तुकडा धरून बसलेली. न्हाई आला तर मला इचार. आबा विचारणार नाहीत, पण तिच्याकडं बघतील, आणि सगळी वस्ती बघेल. एकाच बाईच्या दारातनं दोन माणसं समुद्रानं नेली असं होईल. मी तिथंच वाकून बाटली भरली, काठोकाठ, चिंधीचा बोळा दाबला आणि गजाननला म्हटलं, "जातो राव मी." तो हसला. त्याला बहुतेक घाटावरच्या माणसांकडनं हीच अपेक्षा होती.

रविवारी दुपारी चाकणच्या रस्त्यावर उतरून मी गावाकडं चालायला लागलो. वेशीच्या अलीकडं आमच्यातला एक जण सायकलवरनं मला ओलांडून पुढं गेला, थांबला, मागं वळून म्हणाला, "मारुतीपाशीच थांब. घरात शिरू नगंस." आणि जोरात निघून गेला. मला वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं.

घडलं होतं ते असं. आमच्या वस्तीत काशीला जाऊन आलेला एकच माणूस, हरिबातात्या. माझ्या मागं कुणीतरी तात्यांना विचारलं, हे हरिहरेश्वर काय प्रकरण आहे. तात्या म्हणाले, त्याला दक्षिणकाशी म्हणतात. दक्षिणेची असली तरी काशी ती काशीच, असं सगळ्यांचं ठरलं. आणि काशीहून माणूस आला म्हणजे मावंदं आलंच. त्यानं थेट घरात शिरायचं नाही. वेशीवर थांबायचं, पाय धुवून घ्यायचे, आणलेल्या गंगेची पूजा करायची, तीर्थ वाटायचं, मग सगळ्यांची जेवणं. आजवर हा मान म्हाताऱ्यांचा. वीस वर्षांच्या पोराचं मावंदं घालणारी आमची वस्ती बहुधा पहिलीच.

मी मारुतीच्या पारावर बसलो होतो आणि समोरनं वाजंत्री येत होती. पुढं हरिबातात्या, मागं आबा, आबांच्या खांद्यावर नवा टॉवेल, आणि बायकांच्या हातात कळश्या. असंच गेलेल्या माणसाला लपायला जागा नव्हती.

पाय कुणी धुवायचे ह्यावर बायकांत कुजबूज सुरू झाली. सवाशिणीनं धुवायचे असतात. आई पुढं झाली तसे तात्या म्हणाले, "पाय गोदा धुवंल. नवस तिचा हाय."

आत्या मागं उभी होती, नेहमीसारखी. ती पुढं आली, परातीत माझे पाय घेतले आणि कोमट पाण्यानं सावकाश धुतले. बोटांच्या बेचक्यात अजून वाळू होती. ती परातीत उतरली तशी आत्यानं ती चिमटीत धरून बघितली. मग एकेका बाईनं आत्यालाच आधी कुंकू लावलं आणि मग मला. मी खाली बघत होतो. इतकी लाज आणि इतका मान एकाच वेळी मला पुन्हा कधी मिळाला नाही.

खरी पंचाईत पुढं होती. पूजा झाली आणि तात्यांनी तीर्थाला हात पुढं केला. माझ्या पिशवीतली बाटली गंगा म्हणून पाटावर, तिला हार. मी आत्याकडं पाहिलं, आत्यानं माझ्याकडं. हे गंगेचं नाही, समुद्राचं आहे, हे दोघांनाच ठाऊक. आता बोललो तर खोटा नवसही बाहेर येणार. तात्यांनी पळीभर पाणी तळहातावर घेतलं आणि प्यायले.

त्यांचा चेहरा मला आज दिसतोय. काशीची गंगा त्या माणसानं स्वतः प्यालेली. ती कशी लागते हे वस्तीत फक्त त्यांना माहीत. तात्यांचे डोळे बारीक झाले, ओठ आवळले गेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत्याकडं, बराच वेळ. आत्या पदर धरून उभी.

"दक्षिणकाशीचं पानी हाय," तात्या खणखणीत आवाजात म्हणाले. "तितं असंच असतंय. चूळ भरू नका कुणी."

आणि त्यांनी सगळ्या वस्तीला एकेक पळी वाटली. माणसं प्यायली, दचकली, एकमेकांकडं बघितलं आणि डोळे मिटून हात डोक्यावरनं फिरवले. आबा प्यायले आणि म्हणाले, "जागृत हाय." आत्याची पाळी शेवटी आली. तिनं घोट घेतला, थांबली, आणि तात्यांच्या पुढं हात पुन्हा केला. तीर्थ दुसऱ्यांदा मागत नाहीत. तात्यांनी पळी पुन्हा भरून दिली.

सोमवारी मी पिंपरीला हजर झालो, आणि संध्याकाळी सायकलनं परत आल्यावर आत्या मला वाफ्यात एकटी सापडली. उजेड अजून होता. शेवटचा कांदा कापायचा राहिला होता. मी विळा घेऊन शेजारी बसलो. ती बराच वेळ कापत राहिली आणि मग खाली बघूनच तिनं विचारलं, "सोपाना, तितं हुबं ऱ्हायलं म्हंजे घर आठवतं का रं?"

तिला काय ऐकायचं आहे असं मला वाटलं, ते माझ्या ओठावर आलं होतं. आठवतं की, क्षणाक्षणाला आठवतं. पण जी माझ्यासाठी देवापुढं खोटं बोलली तिच्यापुढं मला खोटं बोलवेना.

"न्हाई आत्या. दोन दिस न्हाई आठवलं. मी मचव्यात बसून फुडं चाललो व्हतो. तुझी बाटली वाजली म्हून आलो."

तिचा विळा थांबला. मला वाटलं, मी बाईचं काळीज कापलं.

"मंग त्यांचंबी तसंच झालं असंल," ती म्हणाली. "मला येवडी वरसं वाटायचं, माजंच काय तरी चुकलं. सैपाकात, बोलन्यात, कशात तरी." तिनं पुढचा कांदा उचलला, पात कापली, तो बाजूला ठेवला. "त्यांच्यासंगं मी बाटली दिली न्हवती, येवडंच."

पुढच्या बाजाराला ती त्या सुकटवालीपाशी बसली, पण समुद्राचं काही विचारलं नाही. दोघी आपल्या गुडघेदुखीचं बोलत होत्या. उरलेलं पाणी आत्यानं कोनाड्यात ठेवलं होतं. ते हळूहळू आटलं आणि बाटलीच्या तळाला पांढरा थर राहिला. आत्या असेपर्यंत ती बाटली तिथंच होती. समुद्र तिनं कधीच पाहिला नाही. मी दोनदा नेतो म्हणालो, दोन्ही वेळा म्हणाली, "प्यालेय की मी."

कारखान्यात मी सदतीस वर्षं काढली. पुढं सुट्टी मिळाली की हिंडलो, पुष्कळ हिंडलो. प्रत्येक वेळी निघताना कुणाला तरी विचारायचो, काय आणू? लोकांना वाटायचं, सोपानराव फार परोपकारी. त्यात परोपकार नव्हता. मला परत यायला काहीतरी लागायचं. कधी कुणाचे पाय मी पाहतो, प्रवासानं धुळकटलेले, तेव्हा आत्याची चिमूट आठवते, तात्यांचे आवळलेले ओठ आठवतात, नव्या टॉवेलातले आबा आठवतात, आणि वाटतं, काय माणसं होती. कारण नसताना गेलेल्या पोराला त्यांनी रागं भरलं नाही, त्यांच्याजवळ होता तो सगळ्यात मोठा मान देऊन घरात घेतलं. चूक झाली त्यांची. अशी चूक माझ्या वाट्याला आली ह्याचे उपकार मी कुठं फेडू?

सायली निघाली त्या सकाळी मी तिला एक रिकामी बाटली दिली. "तिथल्या नदीचं पाणी आण. भरून आण."

"आजोबा, विमानात पाणी नेऊ देत नाहीत."

"तुझं तू बघ."

पहिले दोन दिवस तिचा फोन आला. तिसऱ्या दिवशी आला नाही, चौथ्या दिवशी नाही, पाचव्याही नाही. तिथं रेंज नसते म्हणे. सूनबाई देवापुढं दिवा लावून बसली, मुलगा घरात येरझाऱ्या घालायला लागला, आणि दोघं माझ्यावर चिडले, कारण मी एकटाच मजेत होतो. म्हातारपणात माणसाला काळजी कळत नाही असं त्यांना वाटलं असावं.

दहाव्या दिवशी दुपारी लिफ्ट वाजली. मी आधीच दार उघडून चौकटीत स्टूल टाकून बसलो होतो, पायापाशी टब आणि हातात प्लॅस्टिकचा मग. सायली पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन समोर उभी राहिली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, बुटांवर कुठल्या तरी डोंगराची पांढरी धूळ.

"आजोबा, हे काय?"

"बूट काढ. टबात उभी राहा."

काही न कळून ती उभी राहिली. वाकायला मला वेळ लागला, पण वाकलो, आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. तेवढ्यात तिनं पिशवीतनं कपड्यांत गुंडाळलेली बाटली काढून माझ्यापुढं धरली. काठोकाठ भरलेली. मी ती घेतली आणि तिला विचारलं, "घर आठवलं का गं तिथं?"

सूनबाई मागं उभी होती. सायलीनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, जराशी घुटमळली.

"खरं सांगू? नाही आठवलं, आजोबा."

"ये आत," मी म्हणालो.